रिकॉम्बिनंट ह्युमन प्रोटीन: कोकणातल्या लॅबवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

रत्नागिरी, चिपळूण, दापोली, सावंतवाडी, कुठूनही फोन आला तरी प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. पुस्तकात मिळतं ते थोडक्यात, आणि पुस्तकात नसतं ते म्हणजे पावसाळा, लाइट, घाट, पार्सल, हे जरा सविस्तर. माझं मत आधीच सांगून ठेवतो, आपल्याकडे प्रोटीन प्रयोगात कमी मरतं, रस्त्यात आणि वायल उघडल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात जास्त मरतं.

सर, ह्युमन प्रोटीन म्हणजे माणसाच्या रक्तातून काढलेलं का?

नाही हो. माणसाचा असतो तो फक्त जीन, आणि तोसुद्धा आजकाल बहुतेक वेळा मशीनवर बनवून घेतात. तो ई. कोलाय, यीस्ट, किड्यांच्या पेशी, हॅमस्टरच्या सीएचओ पेशी नाहीतर माणसाच्या हेक २९३ पेशी यांच्यात घालायचा, त्या पेशी प्रोटीन बनवतात, मग कॉलमवरून (गाळणीसारख्या नळीतून) शुद्ध करायचं. असं दुसऱ्या पेशीत जीन घालून बनवलेलं, म्हणून रिकॉम्बिनंट. १९७८ मध्ये ई. कोलायमध्ये मानवी इन्सुलिन बनवलं आणि १९८२ मध्ये ते अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं, तिथून हा धंदा सुरू झाला. आपण लॅबसाठी घेतो ती सायटोकाइन, ग्रोथ फॅक्टर (पेशींना निरोप देणारी प्रोटीन) वगैरे त्याच घराण्यातली. फरक इतकाच की यांच्यावर 'फक्त संशोधनासाठी' असं छापलेलं असतं, आणि ते गंभीरपणे घ्यायचं. जखमेला लावू का, केसांना लावू का, हेही मला विचारून झालंय. नाही. गाईच्या जखमेलाही नाही.

ई. कोलायचं स्वस्त दिसतंय, हेक २९३ चं बरंच महाग. घ्यायचं कोणतं?

प्रोटीनला साखर लागते का ते आधी बघा. ई. कोलाय मानवी पद्धतीचं ग्लायकोसिलेशन (प्रोटीनला साखरेच्या साखळ्या जोडणं) करत नाही. ईजीएफ हा ग्रोथ फॅक्टर म्हणजे ५३ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रोटीन, त्याला साखर लागत नाही, ई. कोलायचं घ्या आणि पैसे वाचवा. आयएल-२, आयएल-६, टीएनएफ अल्फा या सायटोकाइनचंही तसंच, बहुतेक सेल कल्चरच्या कामाला ई. कोलायवालं पुरतं. पण एरिथ्रोपोएटिन, रिसेप्टरचे बाहेरचे भाग, मोठी आणि भरपूर डायसल्फाइड (गंधकाचे बंध) असलेली प्रोटीन, इथे सस्तन पेशींचं घ्या. डब्ल्यूएनटीसारखी तर वेगळीच जात, त्यांना चरबीची शेपटी चिकटलेली असते आणि ती डिटर्जंटशिवाय पाण्यात सुखाने राहत नाहीत.

एक गोष्ट मुलं नेहमी विचारतात म्हणून इथेच सांगतो, हेकवालं प्रोटीन जेलवर (आकारानुसार प्रोटीन वेगळी करतात तिथे) चालवलं की बँड जाड, पसरट आणि हिशोबापेक्षा वर येतो. ती साखर आहे, भेसळ नाही. कंपनीला भांडायला फोन लावायच्या आधी डेटाशीटमधला (कंपनीच्या माहितीच्या कागदातला) जेलचा फोटो बघा.

पार्सल आलं तेव्हा जेल पॅक पाणी पाणी झालेले. फेकून देऊ का?

थांबा, आधी पावडर आहे की लिक्विड ते बघा. लायोफिलाइज्ड (गोठवून सुकवलेली) पावडर असेल तर बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं, कितीतरी कंपन्या ती मुद्दामच साध्या तापमानाला पाठवतात. फक्त हे लक्षात ठेवा की डेटाशीटवरचं 'खोलीचं तापमान' म्हणजे २०-२५ अंश. मे महिन्यात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये चार दिवस पडलेलं पार्सल त्यात बसत नाही.

लिक्विड असेल आणि ड्राय आइसमध्ये यायला हवं होतं तर गोष्ट वेगळी. ड्राय आइस उणे ७८ अंशाचा, तो वितळत नाही, उडून जातो, त्यामुळे डब्यात पाणी दिसणार नाही, नुसता रिकामा थर्माकोल दिसेल. डबा उघडताना तुकडा शिल्लक आहे का हे बघायचं, फोटो काढायचा, लॉट नंबर (बॅचचा क्रमांक) दिसेल असा एक आणि उघडलेल्या डब्याचा एक, आणि त्याच दिवशी मेल टाकायची. दुसऱ्या आठवड्यात केलेली तक्रार कोणी ऐकत नाही. वायल मात्र फेकू नका, उत्तर येईपर्यंत मायनस ऐंशीच्या फ्रीझरमध्ये ठेवून द्या.

मग ऑर्डर कधी करावी?

जूनच्या आत. खरंच. जुलैत परशुराम घाटात माती आली, कोकण रेल्वेच्या कटिंगमध्ये दरड आली की पार्सल मुंबईला नाहीतर कोल्हापूरला अडकतं आणि ट्रॅकिंगवर नुसतं 'इन ट्रान्झिट' दिसत राहतं. गणपतीत तर विचारूच नका, त्या दिवसांत हायवेवर माणसंच पुढे सरकत नाहीत तर तुमचा आयएल-६ कुठून सरकणार. ऑर्डर देताना सप्लायरला स्पष्ट सांगा की माल सोमवारी निघाला पाहिजे, शुक्रवारी निघालेला डबा शनिवार-रविवार कुठल्या तरी हबमध्ये बसून राहतो आणि तिथे कोणी ड्राय आइस भरत बसत नाही. आणि निवडीला वाव असेल तर लिक्विड सोडून पावडर घ्या, आपल्या रस्त्यांना तीच झेपते.

वायल उघडली, आत काहीच नाही! कंपनीने फसवलं का?

नाही, बघण्यासारखं काही नसतंच आत. १० मायक्रोग्रॅम प्रोटीन म्हणजे डोळ्याला दिसेल न दिसेल असा पापुद्रा, कधी तळाशी, कधी भिंतीला, कधी झाकणाच्या आतल्या बाजूला. म्हणूनच उघडायच्या आधी स्पिन मारायचा, मायक्रोफ्यूजमध्ये (छोट्या सेंट्रिफ्यूजमध्ये) अर्धा-एक मिनिट, की सगळं तळाला येतं. हे न करता झाकण फट्कन उघडलं तर तुमचे हजारो रुपये त्या झाकणाला चिकटून कचऱ्यात जातात.

त्याच्याही आधीची पायरी आपल्याकडे जास्त महत्त्वाची. वायल फ्रीझरमधून काढली की बंदच ठेवायची, वीस मिनिटं, अर्धा तास, बाहेरच्या तापमानाला येऊ द्यायची. जुलैत आपल्याकडे हवेत दमटपणा नव्वद टक्क्यांच्या आसपास असतो, थंड वायल टेबलावर ठेवली की मिनिटाभरात काचेवर दव धरतं, बोटाने पुसलं तरी परत धरतं. वायल थंड असतानाच उघडली तर तेच दव आतल्या पावडरवर धरतं, आणि ओली झालेली पावडर परत फ्रीझरमध्ये टाकली तर ती ना धड पावडर ना धड सोल्यूशन. एसी चालू असलेल्या खोलीत उघडा, आणि ज्या दिवशी विरघळवायची असेल त्याच दिवशी उघडा, 'बघूया कशी दिसते' म्हणून नको.

न उघडलेल्या वायल ठेवायच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. निळी गुलाबी झाली की ओव्हनमध्ये तापवून परत निळी करून घ्यायची, पावसाळ्यात हे काम सारखंच मागे लागतं.

कशात विरघळवायचं? आम्ही सगळं पीबीएसमध्येच करतो.

सगळं पीबीएसमध्ये (नेहमीच्या न्यूट्रल फॉस्फेट-मीठ बफरमध्ये) नाही! लॉटबरोबर कागद येतो तो वाचा, त्यावर काय आणि किती हे लिहिलेलं असतं. टीजीएफ बीटा-१ आणि बीएमपी हे ग्रोथ फॅक्टर बहुतेक वेळा आम्लात, साधारण ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात थोडं बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन). आयएल-२ लाही बऱ्याचदा पातळ अ‍ॅसेटिक आम्ल लागतं. ही प्रोटीन सरळ न्यूट्रल पीएचच्या बफरमध्ये टाकली तर गोळा होतात नाहीतर ट्यूबला चिकटतात, आणि तुम्हाला वाटतं डोस गेला, गेलेला असतो अर्धाच.

पहिल्या स्टॉकचं कॉन्सन्ट्रेशन फार पातळ करू नका, मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या खाली जायचं नाही. पातळ प्रोटीन प्लास्टिकला चिकटून संपतं. लिक्विड हळूच भिंतीवरून सोडा, ट्यूब बोटांत फिरवा, पाच-दहा मिनिटं तशीच ठेवा. व्हॉर्टेक्स नको, पिपेटने बुडबुडे काढत वर-खाली नको. फेस आला म्हणजे हवेच्या आणि पाण्याच्या सीमेवर प्रोटीन उलगडायला लागलं.

आणि फिल्टर नका करू. दहा मायक्रोग्रॅम माल ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढला तर त्यातला किती फिल्टरवर राहिला ते देवालाच माहीत. लिक्विड स्टराइल घ्या, हूडमध्ये काम करा, बास.

अ‍ॅलिकॉट किती मोठे करायचे?

स्टॉकचे छोटे वाटे ते, म्हणून एका वेळच्या कामाइतके. हिशोब करून दाखवतो, कारण इथेच सगळे अडखळतात.

समजा १० मायक्रोग्रॅम ईजीएफ आहे. १०० मायक्रोलिटरमध्ये विरघळवलं, म्हणजे मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम झालं. ५ मायक्रोलिटरचे २० अ‍ॅलिकॉट निघतात, प्रत्येकात ५०० नॅनोग्रॅम. पेशींना मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम द्यायचं असेल तर एका अ‍ॅलिकॉटमध्ये ५० मिलिलिटर मीडियम होतं. तुम्हाला आज १० मिलिलिटरच हवंय? मग लागतं १०० नॅनोग्रॅम, म्हणजे स्टॉकचा फक्त १ मायक्रोलिटर, आणि १ मायक्रोलिटर पिपेट करताना टिपच्या बाहेर लागलेला थेंबही हिशोब बिघडवतो. त्यापेक्षा त्या ५ मायक्रोलिटरमध्ये ०.१ टक्का बीएसए घातलेला ४५ मायक्रोलिटर बफर टाका, आता मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम झालं, त्यातलं १० मायक्रोलिटर घ्या. उरलेलं ४ अंशाला ठेवा आणि डेटाशीट म्हणेल तितक्या दिवसांत, साधारण आठवड्याच्या आत, संपवा. परत गोठवायचं नाही.

एकदा-दोनदा फ्रीझ-थॉ (गोठवून परत वितळवणं) झालं तर काय होतं एवढं?

नारळाचा रस फ्रीझरमध्ये गोठवून बाहेर काढला की कसा फाटतो, पाणी वेगळं आणि गाठी वेगळ्या, प्रोटीनचं तसंच समजा, फक्त इथे डोळ्याला काही दिसत नाही. बर्फ बनताना शुद्ध पाणी आधी गोठतं आणि उरलेल्या थोड्याशा पाण्यात मीठ आणि प्रोटीन दाटीवाटीने कोंबलं जातं. त्यात सोडियम फॉस्फेटचा बफर असेल तर त्यातलं एक मीठ आधी क्रिस्टल होऊन बाहेर पडतं आणि पीएच आम्लाकडे चांगलाच घसरतो. दर वेळी थोडं प्रोटीन मरतं. किती, ते प्रोटीनवर आहे, काही दणकट असतात, काही एकाच फेरीत मान टाकतात. म्हणून अ‍ॅलिकॉट छोटे, गोठवायचे झटपट, आणि ट्यूब लो-बाइंडिंगच्या.

डिपार्टमेंटमध्ये घरगुती डबल डोअर फ्रीज आहे. वरच्या फ्रीझरमध्ये ठेवलं तर चालेल?

विरघळवलेलं प्रोटीन असेल तर नाही. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये बर्फ साचू नये म्हणून मशीन थोड्या थोड्या वेळाने स्वतःच गरम होतं, परत थंड होतं. सुरमईला त्याने फरक पडत नाही, ५ मायक्रोलिटरच्या थेंबाला पडतो, तुम्ही दार न उघडताच त्याचं फ्रीझ-थॉ चालू असतं. त्यापेक्षा आइस्क्रीमवाल्याकडे असतो तो आडवा, वरून उघडणारा डीप फ्रीझर घ्या, बर्फ खरवडावा लागतो पण तापमान धरून ठेवतो. मायनस ऐंशी मिळाला तर उत्तमच. आणि कुठलाही असो, त्यात आमरसाचे डबे ठेवू नका, मे महिन्यात लॅबच्या फ्रीझरमध्ये प्रोटीन कमी आणि हापूस जास्त, असं मी पाहिलंय. दार सारखं उघडतं, आणि शिवाय ते खाणं लॅबमधलं, कशाशेजारी होतं कोणाला माहीत.

लाइट गेली की काय करायचं?

दार उघडायचं नाही. लोक नेमकं हेच करतात, लाइट गेली की फ्रीझर उघडून बघतात. भरलेला मायनस ऐंशी बंद राहिला तर काही तास सहज तग धरतो, रिकामा असेल तर लवकर चढतो, म्हणून मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. आत अ‍ॅलिकॉटचा बॉक्स थर्माकोलच्या डब्यात ठेवलात तर अजून बरं. स्टॅबिलायझर हवाच, लाइट परत येताना व्होल्टेज कसंही उड्या मारतं आणि कॉम्प्रेसर जातो.

तासा-दोन तासांचं लोडशेडिंग ही गोष्ट वेगळी आणि वादळ वेगळं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी गावांत आठवडे न् आठवडे लाइट नव्हती, तिथे कुठला इन्व्हर्टर पुरणार. अशा वेळी दोनच गोष्टी कामाला येतात. एक म्हणजे महत्त्वाच्या अ‍ॅलिकॉटचा निम्मा साठा घाटावरच्या एखाद्या ओळखीच्या लॅबमध्ये. दुसरी म्हणजे लिक्विड नायट्रोजन, त्याला लाइट लागतच नाही. आपल्याकडे तो मिळत नाही असं म्हणू नका, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्याच्यातच ठेवतात, पुरवठा कुठून येतो ते तिथल्या डॉक्टरांना विचारा. ट्यूब मात्र क्रायोव्हायलच वापरा आणि द्रवात बुडवण्यापेक्षा वरच्या वाफेत ठेवा.

आणि फ्रीझर तळमजल्यावर ठेवू नका. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आठवा, वाशिष्ठीने काय काय वाहून नेलं ते.

कॅरियर असलेलं घ्यायचं की कॅरियर-फ्री?

कॅरियर म्हणजे प्रोटीन टिकावं म्हणून घातलेलं बीएसए. पेशींवर टाकायचं असेल तर ते असलेलं घ्या, टिकतं जास्त. प्रोटीनला रंग किंवा बायोटिन जोडायचं असेल, प्लेटवर कोट करायचं असेल, मास स्पेक करायचं असेल तर कॅरियर-फ्री. कारण साधं आहे, कॅरियरवाल्या वायलमध्ये तुमच्या प्रोटीनच्या पन्नासपट बीएसए असू शकतं, बायोटिन त्यालाच चिकटेल आणि ब्रॅडफर्डमध्येही (प्रोटीन मोजायच्या टेस्टमध्ये) तेच मोजलं जाईल. अझाइड (सडू नये म्हणून घालतात ते विष) असलेलं काहीही पेशींजवळ न्यायचं नाही.

पेपरमध्ये युनिट दिलेत, आमच्या वायलवर मायक्रोग्रॅम. बदलायचं कसं?

ईडी५० वरून. म्हणजे ज्या कॉन्सन्ट्रेशनला निम्मा परिणाम दिसतो तो आकडा, नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. १० लाखाला त्याने भागा, मिलिग्रॅममागे युनिट मिळतात. ईडी५० ०.१ असेल तर मिलिग्रॅमला १ कोटी युनिट. पण एका कंपनीचं युनिट दुसरीच्या युनिटाशी जुळेलच असं नाही, टेस्ट वेगळी, पेशी वेगळ्या. आययू (इंटरनॅशनल युनिट) लिहिलेलं असेल तरच तो आंतरराष्ट्रीय स्टँडर्डशी ताडून पाहिलेला आकडा, उदाहरणार्थ औषधाच्या आयएल-२ मध्ये १.१ मिलिग्रॅमला १ कोटी ८० लाख आययू. त्यामुळे नवीन लॉट आला की एक छोटा डोस कर्व्ह काढा, गाइड कितीही घाई करोत.

एंडोटॉक्सिनची एवढी काळजी करायची का?

मॅक्रोफेज, मोनोसाइट, पीबीएमसी (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) वापरत असाल तर हो, झोप उडेल इतकी. ई. कोलायच्या भिंतीतलं एलपीएस, म्हणजेच एंडोटॉक्सिन, प्रोटीनबरोबर येतं, आणि या पेशी अगदी पिकोग्रॅमलाही जाग्या होतात आणि टीएनएफ, आयएल-६ सोडायला लागतात. तुम्हाला वाटतं प्रोटीनने केलं. डेटाशीटवर मायक्रोग्रॅममागे १ ईयू (एंडोटॉक्सिन युनिट) आहे की ०.१ हे बघा, १ ईयू म्हणजे साधारण ०.१ नॅनोग्रॅम एलपीएस. ही टेस्ट परंपरेने हॉर्सशू क्रॅबच्या निळ्या रक्तातून काढलेल्या द्रावाने करतात, आपल्या किनाऱ्यावर नव्हे, भारतात हा प्राणी ओडिशा-बंगालकडे सापडतो. आता त्या रक्ताशिवाय, रिकॉम्बिनंट फॅक्टर सी वापरूनही टेस्ट करता येते.

आपल्याच लॅबमध्ये करता येण्याजोगा कंट्रोल (ताडून बघायचा प्रयोग) सांगतो. थोडं प्रोटीन उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवा. प्रोटीन मरतं, एलपीएस मरत नाही. उकळलेल्याचाही तोच परिणाम दिसला तर समजून जा. दुसरं, पॉलिमिक्सिन बी घालून बघा, ते एलपीएसला धरून ठेवतं. फक्त ईजीएफसारखी छोटी, डायसल्फाइडने घट्ट बांधलेली प्रोटीन उकळूनही बऱ्यापैकी जगतात, तिथे या कंट्रोलवर विसंबू नका.

आमच्याकडे माशाच्या पेशी आहेत. मानवी एफजीएफ चालेल का?

फिशरीजच्या मुलांचा हमखास प्रश्न. एफजीएफ-२ हे ग्रोथ फॅक्टर प्रोटीन उत्क्रांतीत फार बदललेलं नाही, माशांच्या पेशींच्या मीडियममध्ये मानवी एफजीएफ-२ सर्रास वापरतात. ३७ अंशाला ते लवकर मरतं, माशाच्या पेशी २५-२८ अंशाला वाढतात त्यामुळे तुमच्याकडे थोडं जास्त टिकेल, हेपरिन घातलं तर अजून. पण हा नियम सगळ्यांना लावू नका. मानवी इंटरफेरॉन गॅमा उंदराच्या पेशींवरसुद्धा चालत नाही, मग माशाचं नाव कशाला. जीएम-सीएसएफ या सायटोकाइनचं तेच. आयएल-६ ची गंमत म्हणजे माणसाचं उंदराच्या पेशींवर चालतं, उंदराचं माणसाच्या पेशींवर नाही.

पेशींवर काहीच परिणाम दिसत नाही. प्रोटीन मेलंय का पेशीच चुकीच्या?

आधी पेशींवर रिसेप्टर (प्रोटीनचा निरोप घेणारं प्रोटीन) आहे का ते शोधा, निम्म्या केसेस तिथेच संपतात. मग सीरम किती आहे ते बघा, १० टक्के सीरममध्ये ग्रोथ फॅक्टर आधीच भरलेले असतात, त्यात तुमच्या ईजीएफची भर काय दिसणार, काही तास पेशी उपाशी ठेवा. तरी नाही दिसलं तर झटपट टेस्ट करा. ईजीएफ टाकून पाच-दहा मिनिटांनी फॉस्फो-ईआरकेचा (निरोप पोचला की फॉस्फेट लागणाऱ्या प्रोटीनचा) ब्लॉट, आयएल-६ असेल तर पंधरा-तीस मिनिटांनी फॉस्फो-स्टॅट३. टीएनएफ असेल तर उंदराच्या एल९२९ पेशी, अ‍ॅक्टिनोमायसिन डी बरोबर, दुसऱ्या दिवशी मेलेल्या दिसल्या पाहिजेत. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मागवता येतात.

नुसत्या जेलवर बँड आला म्हणून प्रोटीन जिवंत आहे असं धरू नका, मेलेलं प्रोटीनही जेलवर तितकंच छान धावतं.

तारीख उलटून गेली. वापरू का?

न उघडलेली पावडर मायनस ऐंशीला नीट राहिली असेल तर बऱ्याचदा चालते, पण थिसिसच्या मुख्य प्रयोगाला नको. वर सांगितलेली टेस्ट करा, नवीन लॉट शेजारी ठेवून, आणि वहीत दोन्ही लॉट नंबर लिहा. विरघळवून ठेवलेले जुने अ‍ॅलिकॉट असतील तर त्यांच्यावर वेळ घालवू नका, ब्लॉटची प्रॅक्टिस करायला ज्युनियरना द्या.